उजवीकडून छप्पर

आमच्या गावात काही माणसं अक्षरावरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढतात. शिरोरेघ म्हणा हवं तर, आमच्या शाळेत तिला छप्पर म्हणत. सारं जग छप्पर डावीकडून उजवीकडे घालतं. ही माणसं मात्र अक्षर पुरं झालं की पेन उचलतात, उजव्या टोकाला नेतात आणि तिथून मागे सरकत येतात. बरं, डावखुरी म्हणावीत तर तसंही नाही; चांगली उजव्या हातानं लिहिणारी, उजव्या हातानं जेवणारी माणसं. अमरावतीच्या कचेरीत कोणी असं लिहिताना दिसला की समोरचा हसतो आणि विचारतो, "भातकुलीच्या वाटेवरचे का हो तुम्ही?" मग गावाचं नाव निघतं, शाळेचं निघतं आणि शेवटी सगळं माझ्या डोक्यावर येऊन बसतं. "पहिलीत उलटं शिकवलं ते एक समजू. पण दुसरीच्या बाई काय करत होत्या?"

दुसरीची बाई मी. काय करत होते ते सांगते. पण त्याआधी पहिलीच्या बाईंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यापुढे मी कोण? त्यांनी पिकवलेलं पुढच्या वर्गात नेऊन ठेवणारी.

भागीरथाबाई गावंडे त्यांचं नाव. मी त्रेपन्न साली रुजू झाले तेव्हा त्या शाळेत मुरलेल्या होत्या. ठेंगणा बांधा, नऊवारी लुगडं, डोक्याला तिळाचं तेल आणि आवाज असा की पहिलीत त्या 'क' म्हणाल्या की माझ्या वर्गातली पोरंही 'क' म्हणायची. लहान वयात नवरा गेला. धाकटा भाऊ जानराव हट्टाला पेटला आणि त्यानं घरच्यांशी भांडून बहिणीला अमरावतीला मास्तरकीच्या शिक्षणाला घातलं. पुढे जानराव अकोल्याला तेलाच्या घाण्यावर मुनीम झाला, आणि बाई आमच्या गावात शाळेला लागून असलेल्या एका खोलीत राहिल्या. त्यांनी पहिली घेतली ती घेतलीच. आमचे हेडमास्तर नत्थुजी गुरुजी दर जूनमध्ये विचारायचे, "बाई, यंदा चौथी घेता का?" बाईंचं उत्तर ठरलेलं असे. "चौथीतल्या पोट्ट्यांले सारं येते. तिथी माह्यं काय काम?"

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. पोर शाळेत आलं की हातात पेन्सिल द्यायची नाही. द्यायची ती फळी. गावच्या पुंजाजी सुताराकडून त्यांनी सागाच्या फळ्या करून घेतल्या होत्या. प्रत्येक फळीवर त्यांनी स्वतः कोळशानं एक अक्षर काढलं आणि पुंजाजीनं ते पटाशीनं खोल कोरलं. त्या खाचेतून पोरानं बोट फिरवायचं. आधी बोट, मग निंबाची काडी, आणि बोट न अडखळता फिरायला लागलं की मग पेन्सिल. थंडीच्या दिवसांत खाचेत सरकी मांडायची. एकेक सरकी चिमटीत धरून 'क'च्या पोटात, 'क'च्या शेपटीत. पोरांना तो खेळ वाटायचा, आणि खेळता खेळता अक्षर हातात उतरायचं. एखाद्या उतावळ्या बापानं घरीच पेन्सिल दिली असली तर बाई दारात जाऊन त्याला झापायच्या. "बोटाले अक्षर कळू द्या हो आधी. पेन्सिल काय पळून चालली?"

आणि जे पोर अडलं, त्याला त्या मांडीवर घेत. पाठ आपल्या पोटाशी, त्याचा हात आपल्या हातात, आणि कानाशी बोलणं चालू. "इकडं पोट, मधी खांब, तिकडं शेंग, वरतून छप्पर." हा झाला 'क'. प्रत्येक अक्षराचं असं काहीतरी होतं. एकदा त्यांनी हात धरला की पोर कोणत्या घरचं, हे त्यांच्या लेखी संपलं. पाटलाचा नातू उतरला की त्याच मांडीवर कापसाच्या जिनातल्या हमालाची पोर बसे. त्या दिवसांत गावात ही गोष्ट साधी नव्हती. काही घरांतून कुरकुर यायची. बाई कुरकुरीला कान देत नसत, कारण त्यांना ऐकू येत असे ते फक्त पोरांचं.

छप्पन सालानंतर बौद्ध घरांतली पोरं शाळेत जोरानं यायला लागली. त्यातच एका जूनला देवमन आपल्या शालूला घेऊन आला. देवमन अमरावतीला जिनात गाठोडी उचलायचा. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोरीचे केस पाणी लावून चापून बसवलेले, फ्रॉक धुतलेला, आणि ती पोर मात्र अखंड बोलणारी. दारातून आत येईपर्यंत तिनं वाटेत दिसलेल्या सगळ्या बकऱ्यांची हकिगत सांगून टाकली. देवमन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"बाई, हिले अक्षर आलं पायजे," तो म्हणाला. "नुसतं नाई. चांगलं आलं पायजे."

बाईंनी शालूसमोर फळी ठेवली. शालूनं डावं बोट खाचेत घातलं. बाईंनी ते उचलून उजवं घातलं. शालूनं उजवं काढून डावं घातलं. असं दोनतीनदा झालं तेव्हा देवमनचा चेहरा उतरला.

"बांधा बाई," तो म्हणाला. "डावा हात बांधून टाका."

"लहान हाये, भाऊ. होईन सवय."

"नाई. बांधाच. आमच्या पोट्टीत लोकं आधीच खोड शोधून राहिले. डाव्या हातानं लिहिते म्हणून आणखी हसतीन. माह्यावर हसले तर हसू द्या. हिच्यावर कोणी हसलेलं मले पाहवणार नाई."

खरं सांगायचं तर बाईंनाही डावा हात चुकीचाच वाटत होता. मलाही वाटत होता. जेवायचा हात उजवा, नमस्काराचा उजवा, मग लिहायचा डावा कसा असेल? दुसऱ्या दिवशी बाईंनी जुन्या लुगड्याची चिंधी आणली आणि शालूचं डावं मनगट फ्रॉकच्या पट्ट्याला बांधलं. मी गाठ पाहिली आणि राहवलं नाही.

"बाई, या गाठीनं शेळीसुद्धा बांधलेली राहायची नाही."

"तू आपल्या दुसरीत जाय," बाई म्हणाल्या.

त्या आठवड्यात शालूचं उजवं बोट खाचेतून फिरत राहिलं. अडखळत, थरथरत. पाटीवर काढलेल्या 'क'चं पोट गळून खाली यायचं आणि खांब आडवा व्हायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण पोरीचं बोलणं बंद झालं. बकऱ्या नाहीत, घरची गाय नाही, काही नाही. हातावर छडी बसलेलं पोर रडून मोकळं होतं, ही रडलीही नाही. बाई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोट्टी बोलून नाई राहिली वं, आशा." त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं, हे मी डब्यावरून ओळखलं.

मग एका मधल्या सुट्टीत त्यांनी मला खुणेनं बोलावलं. वर्ग रिकामा होता. कोपऱ्यात शालू एकटीच 'क'ची फळी मांडीवर घेऊन बसली होती. चिंधी पट्ट्याला लोंबत होती आणि डावं बोट खाचेतून सरसर चाललं होतं. तिनं कुठून तरी पेन्सिलीचा तुकडा मिळवला होता. फळी बाजूला ठेवून तिनं पाटी घेतली. पोट काढलं, खांब काढला, शेंग काढली. मग पेन्सिल उजव्या टोकाला नेली आणि तिथून छप्पर ओढत डावीकडे आणलं. पोट टपोरं, खांब सरळ. वर्गातल्या कोणाही पोराच्या 'क'पेक्षा तो 'क' देखणा होता, आणि तो काढताना ती स्वतःशीच काहीतरी बडबडत होती.

"पाहिलं का?" बाई हळूच म्हणाल्या. "छप्पर तिकडून आणते."

त्या आत गेल्या. शालू दचकून चिंधी हातावर चढवायला लागली. बाईंनी चिंधी सोडवून घेतली, घडी केली आणि कमरेला खोचली. मग शालूला मांडीवर घेऊन तिच्या डाव्या हातावर आपला डावा हात ठेवला. 'ग' काढायचा होता. पण हात चालेना. एवढ्या पोरांना ज्या बाईनं हात धरून शिकवलं, तिचा डावा हात पाटीवर नुसताच घुटमळत राहिला. बाईंना हसू आलं.

"माह्याच हाताले येत नाई. मी तुले काय शिकवू? घे बाई फळ्या, तूच शिक."

आणि शालू शिकली. फळ्यांवरून, आपली आपण.

बाई त्याच संध्याकाळी देवमनच्या घरी गेल्या. तिथं बसून चहा प्यायल्या, त्याची गावात चर्चा झाली ती वेगळी. देवमन चिडला. "तुमाले सांगितलं होतं ना बाई? लोकं हसतीन."

"हसणाऱ्याले माह्याकडं धाडून द्या," बाई म्हणाल्या. "अन् अक्षर म्हणाल तर माह्यापेक्षा चांगलं येईन हिचं."

लोक हसले. ते देवमननं बरोबर ओळखलं होतं. शालूला पोरं डावरी म्हणायला लागली. चौथीत शाळेबाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार ती लिहायची आणि मोठी माणसंसुद्धा उभी राहून अक्षर वाचायची सोडून तिचा हात पाहायची. "उलटं छप्पर घालते पाहा, डावरी." पुढे ती भातकुलीच्या शाळेत गेली, तिथंही तेच. घरी येऊन ती काही सांगत नसे, पण देवमनला कळायचं. त्याचा बाईंवरचा राग मात्र टिकला नाही. दर थंडीत तो जिनातून सरकीची पिशवी आणून बाईंच्या दाराशी ठेवून जायचा.

चौसष्ट सालच्या पोळ्यानंतरची गोष्ट. मी वर्गात पाढे घेत होते. पलीकडून बाईंचा आवाज येत होता आणि तो मध्येच थांबला. बाईंचा आवाज थांबणं ही आमच्या शाळेत घंटा न होण्यासारखी गोष्ट होती. मी धावले. फळ्यावर अर्धा 'घ' होता, खडू खाली पडला होता, आणि बाई भिंतीला टेकून आपल्या उजव्या हाताकडे पाहत होत्या, दुसऱ्या कोणाचा असावा तसं. तोंड वाकडं झालं होतं.

बैलगाडीतून आम्ही त्यांना अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. लकवा. जानराव अकोल्याहून आला, बहिणीच्या उशाशी बसून राहिला. दिवाळी झाल्यावर बाई परत आल्या. पाय काठीच्या आधारानं चालत होता, जीभ थोडी जड झाली होती, पण शब्द कळत होते. उजवा हात मात्र गेला तो गेलाच.

जानरावचं म्हणणं एकच. "बाई, आता अकोल्याले चाल. माह्या घरी काय कमी हाये?" सगळे बाईंना बाईच म्हणायचे, भाऊसुद्धा. आणि खरंच त्याच्या घरी काही कमी नव्हतं. बायको चांगली, पोरं गुणी. पण बाईंनी मला सांगितलं, "तिथी मले गादीवर बसवतीन अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवतीन. मले माह्यी पहिली पायजे."

अडचण नत्थुजी गुरुजींची होती. माणूस भला, पण नियमाला भिणारा. होळीच्या आधी तपासणीचे साहेब येणार होते. नवे साहेब, पुण्याकडचे, कडक म्हणून नाव झालेलं. गुरुजी बाईंच्या खोलीत येऊन खाली मान घालून म्हणाले, "बाई, साहेब फळ्यावर लिहून दाखवा म्हणतील. लिहिता आलं नाही तर माझ्या हातात काही नाही. तोवर आशाबाई दोन्ही वर्ग पाहतील."

म्हणजे होळीच्या आत डाव्या हातानं लिहायला शिकायचं, नाहीतर अकोला. जानरावनं तपासणीच्या दिवशी येतो असं सांगितलं. सामान बांधायलाच येणार होता तो.

पहिली शिकवणी मी घेतली. ती कशी झाली ते न सांगितलेलं बरं. पाटी समोर ठेवली, डाव्या हातात पेन्सिल दिली, आणि समोर बसून म्हणत राहिले, "असं नाही बाई, असं. अहो, असं." बाईंनी काढलेला 'अ' पाहून मी तोंडातल्या तोंडात हसले असेन. बाईंनी पेन्सिल माझ्या अंगावर फेकली. डाव्या हातानं फेकली तरी नेम चांगला लागला.

"तू मास्तरीण हाये का वैरीण?" त्या ओरडल्या. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांच्याजवळ जायचं होतं, पण त्यांना ते आवडलं नसतं, म्हणून मी चूल पेटवून चहा ठेवला.

पुढच्या रविवारी दुपारी शालू आली. आता ती मोठी झाली होती, परकर-पोलक्यात, दोन वेण्या. देवमननं सरकीची पिशवी दिली होती ती ठेवायला आली होती. बाई खोलीत 'क'ची फळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि डावं बोट खाचेतून फिरवत होत्या. तेच बोट, जे त्या दिवशी शालूच्या हातावर घुटमळलं होतं. मी शेजारी वाल सोलत बसले होते आणि या वेळी तोंड बंद ठेवलं होतं.

शालूनं पिशवी ठेवली, थोडा वेळ पाहिलं आणि न विचारता बाईंच्या मागे जाऊन बसली. बाई ठेंगण्या, ती उंच झालेली. तिची हनुवटी बाईंच्या खांद्यावर आली. तिनं आपला डावा हात बाईंच्या डाव्या हातावर ठेवला.

"इकडं पोट," ती कानाशी म्हणाली. "मधी खांब. तिकडं शेंग."

पाटीवर पोट आलं, खांब आला, शेंग आली. मग बाईंचा हात सवयीनं डाव्या टोकाला गेला आणि छप्पर ढकलायला लागला. पेन्सिल करकरली आणि मोडली.

"तिकडून नका घेऊ, बाई. उजवीकडून वढा. डावा हात तिकडून चांगला चालते."

"उलटं छप्पर?" बाई म्हणाल्या. "मी जल्मात नाई काढलं."

"मी तर जल्मभर काढून राहिली," शालू म्हणाली.

बाईंनी उजवीकडून रेघ ओढली. ती सरळ आली. त्या पाटीकडे पाहत राहिल्या आणि मग जड जिभेनं म्हणाल्या, "मी तुहा हात बांधला होता, शालू. आता माहा बांधला गेला."

"तुमची गाठ लय ढिली राहे, बाई. मी सुट्टीत काढून टाको अन् तुमी आल्या की पुन्हा चढवो."

"म्हणजे रोज मले फसवत होती?"

"रोज."

बाई हसायला लागल्या. तोंड अजून थोडं वाकडं होतं, त्यामुळे हसणंही वाकडं आलं, पण ते त्यांचंच हसणं होतं. इतक्या महिन्यांनी ते ऐकून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. "लय चांगलं केलं बाई तू," त्या शालूला म्हणाल्या. "लय चांगलं केलं."

त्यानंतर शालू भातकुलीहून आली की आधी बाईंच्या खोलीत शिरायची, मग घरी जायची. बाई फळ्यांवरूनच शिकल्या. आपण काढलेल्या आणि पुंजाजीनं कोरलेल्या अक्षरांत आपलंच बोट फिरवत. शिकताना चिडायच्या, पाटी ढकलायच्या, शालूला "कार्टे" म्हणायच्या. शालू ऐकून घ्यायची आणि पाटी पुन्हा समोर ठेवायची. हे तिनं बाईंकडूनच घेतलं होतं.

तपासणीच्या दिवशी जानराव सकाळच्या गाडीनं आला. रिकामी पेटी आणि दोर घेऊन आला होता. तो शाळेच्या आवारात निंबाखाली बसला. साहेब जीपमधून उतरले, गुरुजींनी हार घातला, आणि सगळे पहिलीत शिरले. मी माझी पोरं मॉनिटरवर सोपवून दारात उभी राहिले.

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. डाव्या हातात खडू घेतला. साहेब म्हणाले, "लिहा. 'कमळ' लिहा." बाईंनी लिहिलं. अक्षर काही फार सुंदर नव्हतं. पहिलीतल्या हुशार पोराचं असतं तसं होतं. पण ठळक होतं, सरळ होतं. शेवटी त्यांनी खडू उजव्या टोकाला नेला आणि छप्पर ओढत डावीकडे आणलं. गुरुजींनी श्वास सोडला.

साहेबांनी मान हलवली. पण माणूस हुशार होता, नेमकं बोट ठेवलं. "बाई, फळ्यावर लिहिलंत हे उत्तम. पण पहिलीच्या मुलांना हात धरून शिकवावं लागतं. तुम्ही उजव्या हाताच्या मुलाचा हात डाव्या हातानं कसा धरणार?"

याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. मी नाही, शालूनं नाही. निंबाखाली जानराव उठून उभा राहिलेला मला दिसत होता.

"कौशल्या, इकडं ये," बाईंनी हाक मारली. कौशल्या वर्गातली सगळ्यात लहान, थंडीतच दाखल झालेली. बाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि ती येऊन मांडीवर बसली. बाईंनी तिच्यासमोर पाटी ठेवली, आपल्या डाव्या हातात पेन्सिल धरली आणि म्हणाल्या, "आता मी नाई हात धरत. तू माहा धर."

कौशल्यानं आपला इवलासा उजवा हात बाईंच्या हातावर ठेवला. "इकडं पोट, मधी खांब, तिकडं शेंग..." बाईंचा हात चालला आणि वर बसलेला तो हात त्याच्यासोबत चालला. असं काही वेळा झाल्यावर बाईंनी पेन्सिल तिच्या हातात दिली. कौशल्यानं पोट काढलं, खांब काढला, शेंग काढली. मग पेन्सिल उजव्या टोकाला नेली आणि तिथून छप्पर ओढत आणलं.

साहेबांना हसू आवरलं नाही. "बाई, शिरोरेषा उलटी शिकतायत मुलं."

"शिकतीन," बाई म्हणाल्या. "पण अक्षर तर येईन ना? अन् दुसरीत ही आशा हाये. ते सरळ करन." आणि त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार? "करीन," म्हटलं.

साहेब उठले. जाताना गुरुजींना म्हणाले, "पुढच्या तपासणीपर्यंत पहिली यांच्याकडेच राहू द्या." जानराव दारापर्यंत आला होता. बाईंनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "आला तसा जेवून जाय. पेटी इथीच राहू दे, मले फळ्या ठेवायले कामी येईन." जानराव हसला आणि बहिणीच्या काठीला हात लावून तिला खोलीपर्यंत घेऊन गेला.

पुढच्या तपासणीला तेच झालं, त्याच्या पुढच्याही. बाई निवृत्त होईपर्यंत पहिली त्यांच्याकडेच राहिली. दरवर्षी पोरं त्यांच्या हातावर हात ठेवून शिकायची आणि जूनमध्ये सगळी उलटी छपरं घेऊन माझ्याकडे यायची.

मी दिलेला शब्द पाळायला बसले होते, हे माझ्या बाजूनं सांगायला हवं. पोरांना ओरडले, रेघा मारून दिल्या, हात धरून ओढले. पोरं ऐकून घेत आणि माझी पाठ वळली की पुन्हा तिकडून. "आमच्या बाईनं असंच शिकवलं." माझ्या वर्गात बसून मलाच सांगायची, आमच्या बाईनं! मीही हट्टी. एकदा ठरवलं, या वर्षी एकाचंही छप्पर उलटं राहू द्यायचं नाही.

त्या थंडीत मी असाच धडा घेत होते. पोरं पाट्यांवर लिहीत होती आणि मी खडू घेऊन एकेकाचं छप्पर पुसून पुन्हा सरळ घालून देत होते. देवमन सरकीची पिशवी घेऊन पहिलीकडे चालला होता. माझ्या दाराशी आला आणि थांबला. शालू तेव्हा अमरावतीला शिकायला राहिली होती. देवमनचे केस पांढरे झाले होते. तो आत पाहत राहिला. पुढच्या ओळीत पाटलाचा नातू होता, त्याच्यामागे दुकानदाराची पोरगी, कडेला कौशल्याचा भाऊ. सगळ्यांच्या पेन्सिली उजवीकडून डावीकडे सरकत होत्या.

"बाई, हे सारे डावरे हायेत का?" त्यानं विचारलं.

"नाही हो, उजवेच आहेत. भागीरथाबाईंच्या हातचे. मी सरळ करतेय."

देवमननं पिशवी खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. पोरं लिहीत होती. बऱ्याच वेळानं त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

"माह्या शालूसारखं काढून राहिले सारे," तो म्हणाला. "आता तिच्यावर कोण हसन, बाई?"

मी खडू टेबलावर ठेवला. त्यानंतर मी दुसरीत कोणाचंही छप्पर सरळ केलं नाही.